पैसे भरण्याआधी अमेरिकन विद्यापीठाच्या आय-ट्वेंटीवरचा कोड वाचा

मी प्रॉडक्शन इंजिनिअर. चाकणला तीन वर्षं लाइन बॅलन्सिंग केलं, म्हणजे कारखान्याच्या लाइनवरच्या टप्प्यांत काम सारखं वाटलं. बाबांच्या बायपासनंतर डॉक्टर सकाळी नऊला "घरी न्या" म्हणाले आणि डिस्चार्जची फाइल हातात पडली संध्याकाळी साडेपाचला. फार्मसी, बिलिंग, टीपीए (विम्याचे दावे बघणारी कंपनी), परत बिलिंग. बाकावर बसल्या बसल्या फाइल कुठे किती वेळ पडून आहे ते मी औषधाच्या पाकिटामागे टिपत गेलो. साडेआठ तासांत खरं काम जेमतेम पन्नास मिनिटांचं. त्या दिवशी ठरवलं, शिकायचं तर हेच.

ओटीचं वेळापत्रक, खाटांचं नियोजन, ओपीडीची रांग हे सगळं गणितानं सोडवायचं शास्त्र म्हणजे हेल्थ सिस्टिम्स इंजिनिअरिंग. अमेरिकेत ते बहुधा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग विभागात शिकवतात. पुण्यातल्या एका कन्सल्टंटने ७५ हजार घेतले, सिम्युलेशन, क्यूइंग थिअरी असे विषय असलेला कागद दाखवला आणि म्हणाला, "स्टेम आहे, डोळे मिटून जा." स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित हे विषय. फॉर्म त्यांच्याच ईमेलवरून भरले गेले. विद्यापीठाचं एकही पत्र मला थेट आलं नाही. आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा फॉर्म, आला तेव्हा मी फक्त नाव आणि तारीख तपासली. घर तारण ठेवून ३८ लाखांचं कर्ज काढलं होतं, तरी त्या पानावरची एक ओळ वाचली नाही.

पहिल्या सेमिस्टरला एका सीनियर ताईने विचारलं, "तुझा सीआयपी कोड काय?" हा अमेरिकेत अभ्यासक्रमाच्या विषयाला दिलेला सरकारी क्रमांक. आय-ट्वेंटीच्या पहिल्याच पानावर, अभ्यासक्रमाच्या नावाशेजारी छापलेला असतो. माझा निघाला ५१.०७०१, म्हणजे हेल्थकेअर ॲडमिनिस्ट्रेशन. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा १४.३५०१. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. पदवी अमेरिकन सरकारच्या स्टेम यादीत असेल तर आणखी २४ महिने मागता येतात. यादी पदवीचं गोंडस नाव बघत नाही, कोड बघते. १४ ने सुरू होणारे इंजिनिअरिंगचे कोड तिच्यात आहेत, ५१.०७०१ नाही. कन्सल्टंटने दाखवलेला कागद त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या विभागाचा होता. अशा प्रवेशांवर विद्यापीठाकडून एजंटला कमिशन मिळू शकतं, हेही मला तेव्हाच कळलं.

इंजिनिअरिंग विभागात नव्याने अर्ज केला. प्रवेश मिळाला, पण जुन्यातले दोनच कोर्स धरले आणि एका सेमिस्टरची फी वाढली. बाबांनी एफडी मोडली. ऑपरेशननंतर औषधपाण्यासाठी ठेवलेली होती ती.

कन्सल्टंटला फोन केला तर म्हणे, "ॲडमिशन मिळालं ना?" पावतीवर नुसतं 'समुपदेशन शुल्क' लिहिलंय. स्टेमचा शब्द त्याने तोंडीच दिला होता, त्यामुळे तक्रारीला जोडायला माझ्याकडे काहीच नाही.

अर्ज स्वतःच्या ईमेलवरून भरा. डिपॉझिट भरण्याआधी विभागालाच कोड विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अमेरिकन सरकारची स्टेम यादी नेटवर फुकट बघायला मिळते. ज्यांचा आय-ट्वेंटी आलाय, त्यांनी तो आजच काढून पहिलं पान वाचा. विमानात बसण्याआधी दुरुस्तीला थोडा तरी वाव असतो.