गुलमर्ग की औली? बर्फात जेवायचे हाल होऊ नयेत म्हणून

जानेवारी लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात, तुम्ही काश्मीरमधल्या गुलमर्गला आणि उत्तराखंडमधल्या औलीला, दोन्हीकडे जाऊन आलात ना, मग आम्ही कुठे जाऊ सांगा. बर्फ दोन्हीकडे आहे, डोंगर दोन्हीकडे डोळ्यात मावत नाहीत, ते सगळेच सांगतात. मी फक्त जेवणाचं लिहितेय कारण चार तास बर्फात घालवून आल्यावर पोरं आणि म्हातारी माणसं खुश राहतात की कुरकुरतात ते समोर आलेल्या ताटावर ठरतं, आणि आपल्याकडच्या ग्रुपमध्ये दोन मटणवाले, तीन शुद्ध शाकाहारी, एक कांदा-लसूण न खाणारा आणि एकीची संकष्टी हे ठरलेलंच असतं. आमचा ग्रुप अगदी हाच होता, सासूबाईंची संकष्टी आणि बहीण जैन घरात दिलेली.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग मेनूकार्ड वाचायला सोपं जातं. आमचं नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. गुलमर्ग आहे २,६५० मीटरवर, तिथे ते ९१ च्या आसपासच उकळायला लागतं आणि गोंडोलाचा म्हणजे तिथल्या केबल कारचा पहिला टप्पा कोंगडोरी ३,०८० मीटरवर, तिथे ९० च्या जवळपास. म्हणजे पातेलं खळखळ वाजतं पण आतलं पाणी तेवढं गरम नसतंच, म्हणून उघड्या भांड्यातला भात कणीदार राहतो, राजमा काही केल्या मऊ होत नाही आणि चहाला रंग चढत नाही. तव्याला आणि तेलाला मात्र उंचीचा असा फरक पडत नाही, त्यामुळे वरच्या टपऱ्यांवर पराठा, ऑम्लेट, भजी मागवा आणि वरण-भात जिथे कुकरची शिट्टी ऐकू येते तिथेच खा. औली २,५०० ते ३,००० मीटरच्या पट्ट्यात आहे, म्हणजे तिथेही हाच हिशोब.

आता गुलमर्ग. इथे चॉइस भरपूर आहे हे पहिल्यांदाच सांगते. गोंडोलाच्या पायथ्याशीच खैबर आहे, २०१२ ला सुरू झालेलं मोठं रिसॉर्ट, स्की पायात घालून दारापर्यंत येता येतं, आतलं क्लोव्ह्ज रेस्टॉरंट म्हणजे मोठ्या काचा, बाहेर पाइनची झाडं बर्फाने वाकलेली आणि आत स्वेटर काढावा लागेल इतकी ऊब. पैसे मात्र तसेच लागतात, तिथल्या एका वेळच्या बिलात आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडला अख्ख्या घराची पार्टी होईल, पण सासूबाईंना गुडघे दुखत असताना ओल्या बर्फातून चालावं लागलं नाही याचे पैसे मी आनंदाने दिले. हायलँड्स पार्क हे हॉटेल जुनं, १९६६ चं, लाकडी कॉटेज आणि खोलीत बुखारी, म्हणजे लाकडावर पेटणारी पत्र्याची शेगडी, धूर नळीने छपराबाहेर. जुन्या वातावरणाची आवड असेल तर तिकडे बघा.

मार्केटमध्ये पंजाबी पद्धतीचे ढाबे आहेत, शाकाहारी माणसांचं तिथे व्यवस्थित भागतं. आम्ही दुपारी एका ढाब्यात बसलो होतो, मधोमध बुखारी, तिच्याभोवतीच्या लोखंडी कठड्यावर दहा-बारा जणांचे ओले हातमोजे वाळत टाकलेले, गरम लोकरीचा वास आणि त्यात तव्यावरच्या पराठ्याचा वास. तेवढ्यात कहवा आला, केशराचा पिवळा रंग, दालचिनी-वेलदोडा, तळाशी बदामाचे काप, ते चमच्याने काढून खाण्यावरून पोरांची भांडणं झाली. नून चहाही एकदा प्या, गुलाबी रंगाचा आणि खारट असतो, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं पण थंडीत बरा वाटतो.

मटणवाल्यांसाठी तर गुलमर्गला तोड नाही. रोगनजोश, रिस्ता (लाल रश्श्यातले मटणाचे गोळे), गुश्ताबा, यखनी (दह्याच्या रश्श्यातलं मटण) सगळं मिळतं. गुश्ताबा म्हणजे मटण लाकडी हातोड्याने कुटून कुटून लोण्यासारखं करतात, त्याचे गोळे दह्याच्या पांढऱ्या रश्श्यात, तिखट बिलकुल नाही, आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याची सवय असेल तर पहिल्यांदा फिकं वाटेल पण दुसऱ्या घासाला कळतं काय चीज आहे ते. श्रीनगरला एक रात्र असेल तर सकाळी लवकर उठून हरिसा खा, रात्रभर घोटलेलं मटण, फक्त हिवाळ्यातच करतात.

शाकाहारी लोकांना काश्मीरमध्ये पनीरशिवाय काही नाही असा समज आहे तो चुकीचा आहे. नदरू यखनी मागा, नदरू म्हणजे कमळकाकडी, दह्यात शिजवलेली. हाक म्हणजे तिथली पालेभाजी. आणि चिल्लई कलानमध्ये म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या कडक थंडीच्या ४० दिवसांत तिथे वाळवणाच्या भाज्या करतात, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला दुधी, वांगं, टोमॅटो. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या इतक्या खुश झाल्या, म्हणाल्या हे तर आपल्या सांडग्या-कुरडयांसारखंच की. मेनूकार्डवर हे नसतं, वेटरला विचारावं लागतं, स्टाफसाठी केलेलं असलं तर प्रेमाने वाटीभर आणून देतात. काश्मिरी पंडितांच्या स्वयंपाकात पारंपरिक पद्धतीने कांदा-लसूण नसतं, हिंग, सुंठ, बडीशेप यावर सगळं चालतं, त्यामुळे ‘पंडित पद्धतीचं दमआलू’ असं नीट सांगितलं तर जैन माणसासाठी निम्मं काम होतं, पण कंदमुळंही चालत नसतील तर बटाटा बाद, मग हाक आणि चमन म्हणजे पनीर एवढंच राहतं आणि तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

वर कोंगडोरीला कॅफे आहेत, पण गर्दीच्या दिवसांत बसायला जागा मिळत नाही. गोंडोलाचा अफरवट शिखराकडे जाणारा दुसरा टप्पा वारा सुटला की बंद होतो, मग सगळी माणसं पहिल्या टप्प्यावरच साचतात आणि मॅगीसाठी लाइन लागते. आम्हाला तिथे पाऊण तास थांबून गार पुलाव मिळाला, धाकटा रडकुंडीला आला होता, त्यामुळे मी म्हणेन वर फक्त चहा-ऑम्लेट करा आणि जेवायला खाली या.

औलीचं चित्र पूर्ण वेगळं. रेस्टॉरंट अशी मोजकीच, गढवाल मंडळाचं म्हणजे तिथल्या सरकारी पर्यटन महामंडळाचं विश्रामगृह, एखाद-दुसरा रिसॉर्ट आणि चेअरलिफ्टजवळच्या टपऱ्या, संपलं. पूर्वी खालच्या जोशीमठ गावाहून रोपवेने वर जायचं आणि जेवायला खाली येता यायचं, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा रोपवे बंद केला, त्यामुळे रस्त्यानेच जायचं आणि रात्री बर्फ गोठलेल्या त्या घाटात जेवणासाठी गाडी काढायची नाही म्हणजे नाही. जिथे राहाल तिथेच जेवाल, म्हणून बुकिंग करताना खोलीपेक्षा किचन कसं आहे ते आधी विचारा.

पण जे मिळतं ते आपल्या पोटाला ओळखीचं असतं आणि याच कारणाने माझं मन औलीकडे झुकतं. मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नागलीची भाकरीच, पेठ-सुरगाण्याकडे खातात तशी, वर तूप आणि गूळ. गहतची डाळ म्हणजे कुळीथ, थंडीत अंगात ऊब आणणारे. झंगोऱ्याची खीर तर भगरीच्या खिरीची बहीण, सासूबाईंची संकष्टी तिच्यावरच निभावली, आणि समोर नंदादेवीवर (७,८१६ मीटर) संध्याकाळचं गुलाबी ऊन होतं. बद्रीनाथच्या वाटेवरचा भाग असल्याने कांदा-लसूण नको म्हटलं तर कोणी भुवया उंचावत नाही, बहिणीला तिथे एकदाही समजावून सांगावं लागलं नाही. फक्त गढवाली जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर राजमा-चावल आणि आलू-गोभी येते. मटणाची हौस मात्र औलीला भागणार नाही, चिकन करी मिळाली तरी नशीब समजा.

त्यामुळे घरात खवय्ये मांसाहारी असतील, गुडघेदुखीवाले असतील आणि खिसा मोकळा असेल तर सरळ गुलमर्ग. शाकाहारी, जैन, उपासतापासवाले जास्त असतील आणि साधं गरम जेवण पुरत असेल तर औली, पण ६०-६५ च्या पुढची माणसं असतील तर ऋषिकेशपासूनचा तो दहा तासांचा घाटरस्ता झेपेल का ते बघा.

गुलमर्गला एजंट सीपी आणि एमएपी असे दोन रेट देतो, सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. डोळे झाकून एमएपी घ्या, रात्री उणे तापमानात अंधारात हॉटेल शोधत फिरायची तिथे सोय नाही. औलीला तीनही वेळचं ठरवून टाका. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, मग मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत आणि ढाबेवाल्यासमोर पंचाईत होते, तेव्हा घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड करा आणि सुट्टी कॅश ठेवा. आणि दोन्हीकडे बॅगेत नाशिकचा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू आणि एक डबी शेंगदाण्याची चटणी टाका, गोंडोलाच्या लाइनमध्ये दोन तास उभं राहायची वेळ आली तर पोरांच्या हातात द्यायला काहीतरी पाहिजे.