पाकिटावर 'मायकोटॉक्सिन-फ्री' लिहिलेली ऑरगॅनिक कॉफी, रत्नागिरीच्या पावसाळ्यात

सासऱ्यांना किडनीचा त्रास आहे आणि सकाळची एक कप कॉफी काही ते सोडत नाहीत, डॉक्टरांनीही तेवढी चालेल म्हटलंय, म्हणून जूनमध्ये ऑनलाइन चिकमगळूरची ऑरगॅनिक कॉफी मागवली, पाव किलो बिया ५२० रुपयांना. वर मोठ्या अक्षरात 'मायकोटॉक्सिन-फ्री', म्हणजे बुरशीतून येणारं विष नसलेली, असं होतं, खरं सांगते, त्या एका शब्दासाठी घेतली.

चव पहिला आठवडा फार छान, साखर कमी लागायची. पण पाकीट नुसत्या खाकी कागदाचं, आतून चंदेरी अस्तर नाही काही नाही. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला भुरा चढतो, तिथे कागद किती टिकणार? तीन आठवड्यांनी तळातल्या बिया काढल्या तर सादळलेल्या पापडासारख्या, दाताखाली कट्कन तुटायच्या त्या चिवट झालेल्या, चार-पाच बिया एकमेकींना चिकटलेल्या आणि मधल्या खाचेत पांढरट लव. वास माळ्यावरच्या जुन्या गोणपाटाचा. सगळं फेकलं, पैसे गेल्याचं इतकं वाईट नाही वाटलं, जितकं सासऱ्यांनी आदल्या दिवशी त्यातलीच प्यायली याचं वाटलं.

विक्रेत्याला मेसेज केला, मायकोटॉक्सिन-फ्री म्हणता तर लॅबचा रिपोर्ट पाठवा. त्यांनी ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट पाठवलं! सगळा घोळ इथेच आहे. ऑरगॅनिक म्हणजे बागेत रासायनिक खतं-औषधं वापरलेली नाहीत, बुरशीचं त्यात काही तपासलेलं नसतं. कॉफीत ज्याची भीती ते ओक्राटॉक्सिन ए, ते मुख्यतः ॲस्परजिलस जातीच्या बुरशीतून येतं आणि ती बुरशी जास्त करून धरते फळं तोडल्यानंतर, खळ्यावर नीट वाळली नाहीत, वाळताना पाऊस लागला किंवा गोदामात ओल आली की, मग बाग ऑरगॅनिक असो नाहीतर साधी. म्हणून कच्च्या बीतला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आणून ठेवतात. आमसुलं वाळत घातलेली असताना दोन दिवस मळभ राहिलं की काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

भाजताना हे विष बरंच कमी होतं पण पूर्ण जात नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने किडनीला इजा झालेली दिसलीय, १९९३ मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, माणसात कॅन्सर करू शकेल अशा संशयितांच्या यादीतही घातलंय. युरोपात भाजलेल्या कॉफीला किलोमागे ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा होती, २०२३ पासून ३ केली, इन्स्टंटला १० ची ५. म्हणजे मोजून आकड्यात सांगता येतं, मग जो 'फ्री' लिहून जास्त पैसे घेतो त्याने तो आकडा दाखवावा की. नुसतं बघून काही कळत नाही, भुरा न दिसणाऱ्या कॉफीतही ते असू शकतं.

सध्या बाजारातल्या किराणा दुकानातून साधीच कॉफी आणते, ऑरगॅनिक नाही, चिकोरी नाही, १०० ग्रॅमचं चंदेरी पाऊच १६० रुपयांना, पॅकिंगची तारीख महिन्याच्या आतली बघून. चव त्या पहिलीइतकी नाही. पण फोडलं की लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत, चमचा कोरडा, आणि बरणी चुलीजवळ वाफेत ठेवायची नाही, पंधरा दिवसांत संपते, शेवटच्या चमच्यापर्यंत भुरभुरीत.

ऑरगॅनिकवाल्यांना पाचपैकी दोन, ते चवीचे. गणपतीला मुंबईची मंडळी येतील तेव्हा जास्त लागेल, जावेला सांगून ठेवलंय, येताना आण पण १००-१०० ची पाकिटं आण, मोठं नको.