12 ट्यूबचा ऑइल पेंट किट: पांढरा रंग आधीच वेगळा घेऊन ठेवा

मे महिन्यात ऑनलाइन मागवला होता. 12 ट्यूब, प्रत्येकी 9 मिली, तीन ब्रश, लिन्सीड ऑइलची छोटी बाटली अन् 10 बाय 12 इंचाचा कॅनव्हास बोर्ड, सगळं मिळून 849 रुपये. कुरिअर आमच्या गावात येत नाही, आर्वीला जाऊन आणावं लागलं, घरी येऊन खोललं तर दोन ट्यूबमधून तेल गळून डबा चिकचिक. रंग खराब नव्हता, उन्हानं तेल सुटलं होतं, काडीनं घोटल्यावर जमला. पण पॅकिंग भंगार.

शिकायला म्हणून डच चित्रकार व्हॅन गॉगचं 'यलो हाऊस' हे चित्र कॉपी करायला घेतलं, 1888 चं, फ्रान्समधल्या आर्लचं, तो स्वतः भाड्यानं राहायचा ते घर. सूर्यफुलं सगळेच काढतात, मला घरं काढायची होती. कोपऱ्यावरचं घर असल्यानं दोन भिंती दोन दिशेला पळतात, तिथंच माझे तीन दिवस गेले. मूळ चित्र 72 बाय 91.5 सेंटीमीटर आहे, रुंदी बसवली तर या बोर्डावर उंचीत अर्धा इंच उरतो, म्हणून माझ्या आर्लला आकाश जरा जास्तच आहे.

अन् त्या आकाशानंच वाट लावली. व्हॅन गॉगनं पत्रात शुद्ध कोबाल्ट (एक निळा) आकाश लिहिलंय, किटमध्ये कोबाल्टच नाही, अल्ट्रामरीन अन् प्रशियन ब्लू हे दुसरे निळे आहेत. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे जातो, तो उजळायला पांढरा, भिंती उजळायला पांढरा, डावीकडचं गुलाबी हॉटेल (तो तिथं रोज जेवायचा) त्यालाही पांढरा, तिसऱ्या दिवशी ट्यूब पिळून पिळून कागद झाली अन् काळी अजून भरलेली. बाकीच्या 11 एवढाच पांढरा देणाऱ्यानं स्वतः कधी चित्र काढलं नसावं. लेमन यलो पारदर्शक आहे, मी निळ्यानं आउटलाइन काढली होती, वरून पिवळा लावला तर भिंतीच्या कडा हिरव्या! पातळ गेरूनं आखा.

टर्पेंटाइन किटमध्ये नाही, हार्डवेअरमधून आणलं, टिनाच्या खोलीत खिडकी उघडी ठेवूनच वापरा. पहिला थर टर्पेंटाइननं पातळ, वरचे थर जास्त तेलाचे. मी चित्रातल्या रस्त्याला उलटं केलं, महिन्याभरात तडे गेले. अन् पंखा लावून बसू नका, हे तेल पाण्यासारखं उडत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, वेळ लागतोच. आजीनं बाटलीचा वास घेतला अन् म्हणे, "हे तं जवसाचं तेल हाये, चटणीत टाकायचं सोडून भितीले कायले फासतं बावा?" लिन्सीड म्हणजे जवस, हे मला तेव्हा समजलं. घरचं घाण्याचं मात्र चित्रात टाकू नका, रिफाइंड नसते, लवकर पिवळं पडते.

मूळ चित्रात रस्त्यावर मातीचा ढीग आहे, गॅसच्या पाइपासाठी खोदलेलं. आमच्या दारासमोर नळाच्या पाइपलाइनसाठी खोदून ठेवलंय, त्याची धूळ ओल्या रंगावर बसली, ती तशीच राहू दिली.

ब्रशचे केस गळतात, बोर्ड चांगला आहे, पाचपैकी तीन. वार्निश सहा महिने तरी लावायचं नसते म्हणून चित्र सध्या कोठीवर उभं आहे, आकाशात मांजरीचा एक केस आहे, तो निघत नाही.