रक्ताची नळी आणि बर्फाची पेटी : एका लॅबचा आठ महिन्यांचा अनुभव

वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. टेल्मिसार्टन ही पोटॅशियम वाढवू शकणारी रक्तदाबाची गोळी चालू असल्याने त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) व पोटॅशियम डॉक्टर दर महिन्याला तपासायला सांगतात, म्हणून गेले आठ महिने राजारामपुरीतील एका लॅबचा माणूस आमच्या मंगळवार पेठेतील घरी येऊन रक्त घेतो. येण्याची वेळ त्याने कधी चुकवली नाही, एकाच टोचण्यात काम होते, आणि रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येतो. नळ्या तो लगेच बर्फाच्या पेटीत ठेवी, याचे मी शेजाऱ्यांजवळ कौतुकही केले होते. ते कौतुक आता मागे घेत आहे.

पहिले चार महिने पोटॅशियम ४.६ च्या आसपास होते. पाचव्या महिन्यात ते ६.२ आले. क्रिएटिनिनमध्ये काहीच फरक नव्हता, तरीही पोटॅशियम इतके वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून डॉक्टरांनी रात्रीच ईसीजी काढायला लावला. रात्री साडेदहाला वडिलांना रिक्षात बसवून नेताना त्यांचा हात माझ्या हातात थरथरत होता. ईसीजी व्यवस्थित निघाला, आणि तिथेच पुन्हा घेतलेल्या रक्तात पोटॅशियम ४.५ निघाले.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर ‘मशीनचा आकडा आहे’ एवढेच उत्तर मिळाले. मी हटलो नाही, आणि तिसऱ्या फेरीला पॅथॉलॉजिस्ट भेटले. त्यांनी नोंदी काढून शांतपणे समजावले. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्या द्रवापेक्षा वीस पटींहून अधिक असते आणि ते आत राखणारा पेशीचा पंप थंडीत मंदावतो. त्यामुळे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पिवळसर द्रव) वेगळे न करता नळी काही तास बर्फात राहिली, तर पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते. पेशी फुटल्या तर सीरम लालसर दिसते व तंत्रज्ञ सावध होतो. इथे सीरम स्वच्छच होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. पूर्वी आमचे घर फेरीत शेवटचे होते आणि नळी अर्ध्या तासात लॅबमध्ये पोहोचत असे. त्या महिन्यापासून फेरी आमच्यापासून सुरू होऊन फुलेवाडी, कसबा बावडा करत जाऊ लागली होती. साडेसहाला घेतलेले रक्त साडेअकराला पोहोचले होते. आपला नंबर पहिला लागला, याचा आम्हाला त्या सकाळी आनंद झाला होता!

त्यांनी चूक मान्य केली, तपासणीचे पैसे परत दिले आणि पोटॅशियमची नळी बर्फाला न लावता आधी पोहोचवण्याची व्यवस्था केली, त्यामुळे लॅब बदलण्याचा विचार मी सोडला. ईसीजीचा खर्च मात्र आमच्याच माथी राहिला, आणि त्याहून अधिक सलते ती वडिलांची ती रात्र. त्यानंतरचे तिन्ही रिपोर्ट ४.४ ते ४.७ च्या दरम्यान आले आहेत.

एक तक्रार अजून कायम आहे. रिपोर्टवर नमुना लॅबमध्ये मिळाल्याची वेळ छापतात, रक्त घेतल्याची छापत नाहीत. या दोन वेळा शेजारी असत्या, तर पाच तासांचे अंतर डॉक्टरांना त्याच संध्याकाळी दिसले असते. मी दोनदा लेखी विनंती केली आहे. तोपर्यंत रक्त घेतल्याची वेळ फॉर्मवर पेनाने लिहून त्याचा फोटो डॉक्टरांना पाठवतो.