व्हर्च्युअलबॉक्स : विंडोजवरून लिनक्सवर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याचे हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालते. त्यामुळे ते व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात ठेवलेले होते, आणि सोलापूरच्या कार्यालयातील उबुंटू लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर ते हलवण्यासाठी ओरॅकल कंपनीचे व्हर्च्युअलबॉक्स हे अशी मशीन चालवणारे सॉफ्टवेअर वापरले. मशीन पूर्ण बंद करून एक्स्पोर्ट केले की डिस्क आणि सेटिंग मिळून एकच ओव्हीए फाईल तयार होते, व ती लिनक्सवर इम्पोर्ट केल्यावर विंडोज जसेच्या तसे उघडते, ही सोय खरोखर वाखाणण्याजोगी आहे. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या जतन केलेल्या आधीच्या स्थिती, मात्र सोबत येत नाहीत. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाईल त्यावर मावत नाही, म्हणून तो आधी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा.

खरी मेख नेटवर्कची आहे. ब्रिज्ड अडॅप्टर, म्हणजे मशीनला संगणकाच्या नेटवर्क कार्डातून थेट नेटवर्कशी जोडणारी सेटिंग, पुन्हा निवडावा लागतो, कारण एकाच कार्डाला विंडोज आणि लिनक्स वेगवेगळ्या नावांनी ओळखतात. शिवाय सॉफ्टवेअरचा परवाना मॅक ॲड्रेसशी, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाशी बांधलेला असल्यास, इम्पोर्ट करताना सर्व मॅक ॲड्रेस कायम ठेवण्याचा पर्याय आठवणीने निवडावा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात जाते. मूळ व्हर्च्युअलबॉक्स मोफत असले, तरी त्याच्या जादा सुविधांच्या एक्स्टेन्शन पॅकला व्यावसायिक वापरासाठी परवाना घ्यावा लागतो. आमचे काम त्याच्याविना भागले.