पावसाळी डेंग्यू पॅकेज: सीबीसी घ्या, रक्तगटाचं पान सोडा

नागपूरच्या धरमपेठ भागातल्या एका खासगी लॅबचं हे पॅकेज. घरी येऊन नमुना नेतात. त्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एनएस१ (डेंग्यू विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी), आयजीएम-आयजीजी (विषाणूविरुद्ध शरीरात बनलेल्या प्रतिपिंडांच्या तपासण्या) आणि वर पैसे भरले की एक रंगीत पान मिळतं: 'रक्तगटानुसार डासांचा धोका'. ओ गटाला लाल, ए गटाला हिरवा, एबीला पिवळा. ५ पैकी ३ तारे, तेही पान वगळून.

या पानाचा आधार म्हणजे २००४ साली प्रसिद्ध झालेला जपानमधला एक छोटा प्रयोग. त्यात एडिस अल्बोपिक्टस डास ए गटापेक्षा ओ गटाच्या हातांवर जास्त बसले. पण ठळक फरक होता तो 'सिक्रीटर' लोकांत, म्हणजे ज्यांच्या लाळेत आणि इतर स्रावांत गटाचे अँटिजन (रक्तगट ठरवणारे पदार्थ) उतरतात त्यांच्यात. ते कळायला लाळ तपासावी लागते. इथे स्लाइडवर रक्ताच्या थेंबांत अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी ही गट ओळखणारी द्रव्यं टाकून नुसता गट काढलाय. शिवाय आपल्याकडे डेंग्यूचा मुख्य डास एडिस इजिप्ती. डास अंगावर बसला म्हणजे डेंग्यू झाला असं नाही, आणि झालाच तर तो गंभीर होईल का हा प्रश्न वेगळाच. थायलंडच्या २००७ च्या अभ्यासात दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत गंभीर आजाराशी संबंध दिसला तो एबी गटाचा. पानावरचा पिवळा रंग कुठून आला, देव जाणे.

विदर्भात रक्ताचं काही विचारायचंच तर सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) विचारा. त्या रुग्णांत डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो. लॅबच्या फॉर्मवर तो रकानाच नाही.

बाकी तपासण्या कामाच्या, फक्त वेळ साधा. एनएस१ तापाच्या पहिल्या ५ दिवसांत. सहाव्या दिवशी एकटी एनएस१ करून निगेटिव्ह आली तर ते पैसे पाण्यात. तेव्हा आयजीएम हवी. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत एनएस१ लवकर मावळते, म्हणून निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त राहू नका. कार्ड टेस्ट (झटपट पट्टीवरची) की एलायझा (प्रयोगशाळेत यंत्रावर होणारी) हेही आधी विचारा. ही लॅब सांगितल्याशिवाय कार्डच करते. एलायझासाठी मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत चौकशी करा.

सीबीसीत सगळे प्लेटलेट बघतात. हिमॅटोक्रिटही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) बघा: तो रुग्णाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा २० टक्क्यांनी चढला तर रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) गळतोय. प्लेटलेट अचानक फार कमी आणि रुग्ण बरा दिसतोय, तर स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली) बघायला सांगा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत कधी कधी त्यांचे गठ्ठे होतात आणि मशीन कमी मोजते. हे सांगितल्यावर लॅबने कुरकुर न करता स्मिअर पाहिला, त्याचा एक तारा.

पानाच्या तळाशी सल्ला आहे: 'ओ गटाने क्रीम लावावे'. घरातल्या सगळ्यांनीच लावा, दिवसासुद्धा, कारण एडिस दिवसा चावतो. उन्हाळा संपून खिडकीत तसाच राहिलेला कूलर आठवड्याला रिकामा करून टाकी ब्रशने घासा. अंडी कडेला चिकटतात, सुकल्यावरही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.