मुद्राचित्रासाठी पुण्यातला सुती हातकागद: कुठे जमतो, कुठे अडतो

पुण्यात सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद मिळवण्यासाठी फारसे हिंडावे लागत नाही. विकणाऱ्याच्या मनात मात्र तो लग्नपत्रिका, डायऱ्या, भेटवस्तूंच्या पिशव्या आणि फार तर जलरंग यांच्यासाठी असतो. एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेले चित्र) किंवा लिनोकट (लिनोलियमवर कोरलेल्या ठशाने छापलेले चित्र) छापणाऱ्याने तो घ्यावा की नाही, याचे उत्तर दुकानाच्या फलकावर नसते आणि तावांच्या गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवरही नसते. हे परीक्षण तेवढ्या एका प्रश्नापुरतेच आहे. त्यासाठी वापरलेला कागद म्हणजे 22 × 30 इंचांचा, 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), चारही कडा न कापलेला पांढरा ताव, आणि त्याच विक्रेत्याकडचा 120 जीएसएमच्या आसपासचा पातळ ताव. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा कमीअधिक प्रमाणात सगळीकडेच भेटतात.

आपल्याकडच्या हातकागदाचा स्वभाव समजून घ्यायचा तर तो मुळात कशासाठी बनत होता हे पाहावे लागते. जुन्नर आणि दौलताबाद ही कागदाची जुनी ठिकाणे. पुण्यातही कसबा पेठेत कागदीपुरा आहे. पेशवे दफ्तरातले मोडी कागद पाहिले तर त्या कारागिरांचे लक्ष्य काय होते ते लगेच कळते. तावाला खळ लावायची, तो वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटून घोटून त्यावर चकाकी आणायची, म्हणजे बोरू अडखळत नाही आणि शाई फुटत नाही. एचिंगला नेमके उलटे हवे असते. तिथे शाई प्लेटवर कोरलेल्या रेघांच्या आत बसलेली असते, आणि भिजवून मऊ केलेला कागद रुळाच्या दाबाखाली त्या रेघांत उतरून ती शाई वर उचलतो. म्हणजे लिहिण्यासाठी उत्तम ठरलेला कागद इथे नापास होऊ शकतो. विसाव्या शतकात ग्रामोद्योगाच्या चळवळीतून हातकागदाला पुन्हा बळ मिळाले आणि 1940 मध्ये शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. पण तेव्हाही डोळ्यांसमोर मुख्यतः लेखन, कचेऱ्यांची दप्तरे आणि स्टेशनरीच होती. पुण्यात चित्रे छापण्याची परंपरा तशी जुनी आहे, 1878 मध्ये स्थापन झालेल्या चित्रशाळेची शिळाछापाची देवादिकांची चित्रे घरोघरी लागलेली होती, परंतु ती बाजारासाठीची मोठ्या संख्येची छपाई होती. हातकागद बनवणारा आणि मुद्राचित्रकार यांची गाठ या शहरात नीटशी पडलेलीच नाही, असे मला हा कागद वापरताना सारखे वाटत राहिले.

कागदाचा कच्चा माल उत्तम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. होजिअरीच्या पांढऱ्या कतरणी बीटरमध्ये पाण्याबरोबर कुटून त्यांचा लगदा करतात, साच्यावर ताव उचलतात, दाबून पाणी काढतात आणि वाळवतात. धाग्याचा कस टिकलेला असल्यामुळे ताव फाडायला गेले तर सहज फाटत नाही आणि फाटलेल्या कडेला लांब तंतू दिसतात. लगदा किती वेळ कुटला यावर पुढचे सगळे ठरते. फार कुटला तर ताव कडक होतो आणि हातात धरून हलवला की खडखडतो. कमी कुटला तर मऊ, फुगीर आणि पाणी पिणारा होतो. माझ्याकडे आलेल्या 300 जीएसएमच्या तावांत दोन्ही प्रकार एकत्र होते. खिडकीसमोर धरल्यावर काही ताव एकसारखे दुधी दिसत होते, तर काहींत ढगाळ पट्टे होते आणि एक कोपरा बोटांनाही जाड लागत होता. लग्नपत्रिकेला याने काही बिघडत नाही, उलट ते हाताने केल्याचे लक्षण म्हणून शोभतेच. दहा प्रतींची आवृत्ती काढणाऱ्याला मात्र पहिली आणि दहावी प्रत एकाच जातीच्या कागदावर हवी असते.

लिनोकट आणि वुडकट (लाकडावर कोरलेल्या ठशाची छपाई) यांसाठी पातळ ताव मला निःसंशय आवडला. चमच्याची पाठ घासून, प्रेसशिवाय छापताना 120 जीएसएमच्या तावाच्या मागून शाई कुठे बसली आणि कुठे नाही ते जाणवते, आणि कितीही घासले तरी कागद सोलत नाही. जाड ताव हाताने घासून छापण्याच्या भानगडीत पडू नये. त्याला प्रेसच लागते. प्रेसखाली कोरड्या जाड तावावर मोठा गर्द काळा भाग छापला तर पोताच्या खड्ड्यांत शाई पोहोचत नाही आणि काळ्यावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके राहतात. ताव स्पंजने किंचित ओलसर करून, थोडा वेळ दडपून ठेवला की हे ठिपके बरेचसे जातात. तावाच्या एका बाजूला कापडाची वीण उमटलेली असते आणि दुसरी बाजू त्या मानाने सपाट असते, हे विक्रेता सांगत नाही. बारीक रेघांचे काम असेल तर तिरप्या उजेडात बघून सपाट बाजू निवडावी आणि मागे पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

खरी परीक्षा एचिंगची. जस्ताच्या प्लेटवर रेघा आणि अ‍ॅक्वाटिंट (प्लेटवर रेघांऐवजी सलग छटा आणण्याची पद्धत) असे दोन्ही असलेले काम मी या कागदावर छापून पाहिले. परदेशी सुती एचिंग कागदाप्रमाणे हा ताव पाण्याच्या ट्रेमध्ये अर्धा तास बुडवून ठेवला तर त्यातले मऊ ताव उचलतानाच कोपऱ्याला सैल पडतात. टीपकागदात दाबून, वरचे पाणी पूर्ण टिपूनसुद्धा, प्रेसमधून काढल्यावर कागद प्लेटवरून सोलताना कर्र असा बारीक आवाज आला आणि अ‍ॅक्वाटिंटच्या सर्वांत गडद भागात कागदाची लव चिकटून राहिली. छापात त्या जागी फिकट, केसाळ डाग पडला. पुढची प्रत काढण्याआधी ती लव ब्रशने आणि टर्पेंटाइनने रेघारेघांतून काढावी लागली, आणि ज्याने एकदा अ‍ॅक्वाटिंटची प्लेट शाई लावून नीट पुसली आहे त्याला ही शिक्षा किती मोठी आहे ते सांगायला नको. शाईत थोडे जवसाचे तेल घालून तिचा चिकटपणा कमी केला आणि ताव बुडवण्याऐवजी दोन्ही बाजूंनी ओला करून प्लास्टिकमध्ये रात्रभर ठेवला, तेव्हा परिणाम एकदम सुधारला. ओल आतपर्यंत सारखी पोहोचली, वरचा थर मात्र सुटला नाही. रेघा भरीव उमटल्या आणि प्लेटच्या कडेचा दाब इतका स्वच्छ आला की महागडा परदेशी कागद शेजारी ठेवूनही मान खाली घालावी लागली नसती. ड्रायपॉइंटलाही, म्हणजे आम्लाशिवाय सुईने थेट प्लेटवर ओरखडलेल्या कामालाही, हीच रीत लागू पडते.

अडचण सायझिंगची आहे, म्हणजे कागदाने पाणी कमी प्यावे म्हणून त्याला दिलेल्या खळीसारख्या द्रव्याची. कागद पाणी किती पटकन पितो हे सायझिंगवर ठरते, आणि ते किती व कोणते केले आहे हे कोणीच लिहीत नाही. दुकानात विचारले तेव्हा मला “शाई फुटत नाही, बिनधास्त घ्या” असे उत्तर मिळाले. ते फाउंटन पेनच्या दृष्टीने खरेही असेल. त्यामुळे परीक्षा घरीच करावी लागते. तावाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो काही क्षणांत आत शिरला तर ताव जवळपास बिनसायझिंगचा आहे, त्याला बुडवू नये. थेंब मणी होऊन बराच वेळ बसला तर ताव निर्धास्त भिजवावा. जुने छापणारे कोपऱ्याला जीभ लावून बघतात, चिकटली तर कागद पाणपिता. पण कतरण कुठून आली आहे ते ठाऊक नसताना मी थेंबावरच भागवतो.

एका बाबतीत हा कागद यंत्राच्या कागदापेक्षा सरस ठरतो. यंत्रावरच्या कागदात तंतू एका दिशेला निजलेले असतात, त्यामुळे ओला झाल्यावर तो आडव्या बाजूला जास्त फुगतो. साच्यावर हलवून उचललेल्या तावात तंतू सगळीकडे विखुरलेले असल्याने तो दोन्ही बाजूंना जवळपास सारखा वाढतो. दोन-तीन प्लेटांचे रंगीत काम एकावर एक बसवताना याचा उपयोग होतो, अर्थात तावांची जाडी सारखी निघाली तर.

बिनशाईच्या उठावासाठी तर मी दुसरा कागद शोधणार नाही. खोल कोरलेली प्लेट शाईशिवाय छापली की जाड ताव न फाटता त्या खोलीत उतरतो आणि वाळल्यावरही उठाव बसत नाही. इथे शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. 1970 च्या दशकात शांतिनिकेतनात त्यांनी ‘वूण्ड्स’ (जखमा) या मालिकेत मातीत केलेल्या जखमांवरून सिमेंटचा साचा घेतला आणि त्यात कागदाचा लगदा दाबून पांढऱ्यावर पांढरी चित्रे काढली. तिथे कागद बनवणे आणि छापणे ही एकच क्रिया झाली होती. मुद्राचित्रकार झरीना यांनीही लगद्याचे ओतीव काम केले. अशा कामासाठी ताव नको, ओला लगदाच हवा. पुण्याच्या आसपासच्या कागद बनवणाऱ्यांनी बादलीभर लगदा विकायला काढला तर कलामहाविद्यालयांतले विद्यार्थी रांग लावतील असे मला वाटते. सध्या मी विचारले तिथे तरी “तसं आम्ही देत नाही” एवढेच ऐकायला मिळाले.

टिकाऊपणाबद्दल गठ्ठ्यावर ‘अ‍ॅसिड-फ्री’ असा शिक्का होता. सायझिंग राळ आणि तुरटीचे असेल तर कागदात आम्ल राहते आणि वर्षांनी तो पिवळा व ठिसूळ होऊ शकतो. उदासीन प्रकारचे सायझिंग असेल तर ही भीती कमी. पीएच तपासायच्या पेनने रेघ ओढून पाहता येते आणि माझ्या तावांवर ती रेघ समाधानकारक आली. शुभ्रतेचे मात्र वेगळे आहे. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ताव निळसर चमकला, म्हणजे बनियन-टीशर्टच्या कापडातली चमक आणणारी द्रव्ये कागदातही उतरली आहेत. उजेडात त्यांचा असर ओसरतो आणि पांढरा रंग किंचित मळकट होतो. विकण्यासाठी आवृत्ती काढायची असेल तर बिनब्लीचचा, सायीच्या रंगाचा ताव मागावा. त्यावर काळी शाई दिसतेही अधिक भारदस्त.

पुण्याच्या हवेचा हिशेबही ठेवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत ओल्या तावांच्या कडा छापण्याआधीच सुकून कुरळ्या होतात, म्हणून प्लास्टिकवर ओले फडके टाकावे. जुलै-ऑगस्टमध्ये ओला गठ्ठा दोन दिवस तसाच राहिला तर बुरशीचे करडे ठिपके पडतात, आणि खळ असलेल्या कागदाला कसर लागायची ती वेगळीच.

सेवेबद्दल तक्रार एकच, पण मोठी. ताव घट्ट गुंडाळी करून, रबर लावून दिले जातात. 300 जीएसएमच्या तावाला त्याने आडव्या मोडी पडतात आणि त्या प्रेसखालीही पूर्ण जात नाहीत. सपाट, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये हवे असे आधी बजावावे, आणि कडा “साफ करून” कापून देऊ नका असेही सांगावे, कारण मदत म्हणून ते काम न सांगता उरकले जाते.

किमतीत मात्र हा कागद कोणालाही हरवतो. आयात केलेल्या एका एचिंग तावाच्या पैशांत इथले चार-पाच ताव येतात, त्यामुळे शिकणाऱ्यांनी, चाचणी प्रती काढणाऱ्यांनी आणि लिनो-वुडकटवाल्यांनी तो डोळे झाकून घ्यावा. एचिंगची आवृत्ती काढणाऱ्यांनी आधी दोनच ताव आणून थेंबाची परीक्षा करावी, आणि पटले तर लागतील त्याहून निम्मे जास्त ताव एकाच खेपेतले उचलावेत. पुढच्या महिन्यात त्याच नावाखाली, त्याच जीएसएमला मिळणारा ताव वेगळाच निघतो.